मधोमधची खुंटी

मास्तर कुणाच्याही घरी गेले की नमस्काराच्या आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचे. यजमान हात जोडून उभा आहे आणि मास्तर त्याच्याकडे पाठ करून, मान तिरकी करून, तसबिरीचा खालचा कोपरा एका बोटाने वर ढकलत आहेत, हे दृश्य अकोल्यातल्या बऱ्याच घरांनी पाहिलेलं आहे. एका घरी तसबीर सरळच होती, भिंत कललेली होती. मास्तर चहा न घेता परतले. भिंत सरळ करणं त्यांच्या हातात नव्हतं, आणि तिच्याखाली बसून चहा घशाखाली उतरला नसता.

अशा माणसाचा मी राग धरून आहे, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. एवढा देवमाणूस, त्याचा कसला राग? देवमाणूस होते, कबूल. पण माझ्या बाबतीत त्यांनी जे केलं ते चार पंचांसमोर केलं, आणि मला न विचारता केलं. माझा जन्म घासाघिशीत गेला. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाजारात उभा राहिलो तो आज अमरावतीत आणि अकोल्यात माझी अडत आहे, आणि यात कुणाच्या बापाचा हात लागलेला नाही. मला कुणी न मागता काही दिलं की मी आधी ते उलटं करून बघतो. मास्तरांनी दिलं ते इतकी वर्षं उलटंसुलटं करून बघतो आहे.

आम्ही मूळचे अमरावतीकडचे. मळा तिकडे, पण शिकायला मी अकोल्याला मामाकडे होतो. मामाचं भाजीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी दुकानावर, आणि मास्तर संध्याकाळी छत्री घेऊन बाजारातून जायचे. छत्री पावसासाठी नव्हती. ती जमिनीवर उभी करून तिची सावली मोजायची, मग झाडाची सावली मोजायची, आणि झाड किती उंच ते सांगायचं, हा त्यांचा छंद. लोक विचारायचे, मास्तर, झाड विकत घेता का? मास्तर म्हणायचे, नाही, ओळख करून घेतो.

'अंदाजे' हा शब्द त्यांना सोसत नसे. मामाने एकदा विचारलं, वांगी किती देऊ? मास्तर म्हणाले, कशाच्या मानाने किती? मामा बिचारा तराजू हातात घेऊन उभाच. शेजारची भाजीवाली सांगेल तो भाव देऊन ते कोथिंबीर घ्यायचे. मला ते बघवायचं नाही. मी मधे पडून भाव तोडायचो, तर मास्तर माझ्यावरच डोळे वटारायचे. वर्गात त्यांनी मला नाव ठेवलं होतं 'घासाघीस'. बाकीच्यांना लघुकोन, विशालकोन अशी नावं होती, अंगकाठीप्रमाणे. माझं मात्र स्वभावावरून. कारण मी गुणांवरही घासाघीस करायचो. सिद्धतेची एक पायरी सोडली म्हणून तुम्ही दोन गुण कापले, एक परत द्या, एक सोडतो. मास्तर म्हणायचे, "भूमितीत मधला भाव नसतो रे."

तसा माणूस मनातून फार घाबरट. कुणाला भिऊन नव्हे, चुकीला भिऊन. फळ्यावर रेघ ओढण्याआधी खडूच्या टोकाकडे बघायचे, मग आमच्याकडे बघायचे, जणू आम्हांला त्या रेघेवरून चालायचं आहे. एका रविवारी भर बाजारात ते धापा टाकत मामाच्या दुकानाशी आले. गिऱ्हाइकांची गर्दी होती. मला म्हणाले, काल फळ्यावरच्या आकृतीत मी दोन अक्षरं उलटसुलट लिहिली, तुझ्या वहीत दुरुस्त कर. मी म्हटलं, सोमवारी सांगितलं असतं तरी चाललं असतं. तर म्हणाले, "तोवर तुझ्या डोक्यात खोटा त्रिकोण राहिला असता." सकाळपासून ते वर्गातल्या एकेका मुलाच्या घरी फिरत होते. पोरांची घरं गावभर विखुरलेली. त्या दिवशी त्यांना ताप भरला.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. या माणसाला खोटं किती जड जात होतं ते कळलं पाहिजे.

एक दिवस त्यांनी वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या आणि कंदील पेटवला. पुठ्ठ्याचा एक त्रिकोण कंदिलासमोर धरला. भिंतीवर सावली पडली. त्रिकोण कंदिलाकडे सरकवला तशी सावली फुगत गेली, छतापर्यंत गेली. एका पोराला त्यांनी कोनमापक घेऊन भिंतीशी उभं केलं. सावली केवढीही झाली तरी तिन्ही कोन तेच. मास्तरांना या गोष्टीचा इतका आनंद व्हायचा की दर वर्षी, दर वर्गाला दाखवताना त्यांचा आवाज कापायचा. "वाढला, पण बदलला नाही," म्हणायचे.

मग त्यांनी विचारलं, पुठ्ठ्याच्या दुप्पट लांबीची बाजू झाली, तर भिंत किती झाकली? आम्ही सगळे ओरडलो, दुप्पट. सगळ्यांत मोठा आवाज माझा. त्यांनी तसेच पुठ्ठे कापून सावलीवर लावायला सांगितले. दोन लावले, सावली उरली. चार लागले तेव्हा झाकली. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "मास्तर, मी दुप्पट मागितलं, तर मले चौपट काहून भेटून राहिलं? यात काहीतरी खोट हाय." वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत.

"घासाघीस, बाजारात दुप्पट मागून चौपट मिळालं तर तू काय करशील?"

"गप राहीन," मी म्हटलं.

त्यांनी पुठ्ठे गोळा केले. मग म्हणाले, "म्हणजे तुला समजलं. पण तेवढंच समजलं."

त्या दिवसापासून मला भूमितीची गोडी लागली. बाकीच्या विषयांत मी कसाबसा पार पडायचो, भूमितीत मात्र शाळा सुटेपर्यंत माझ्यापुढे कुणी गेलं नाही. हेही लक्षात असू द्यावं.

मॅट्रिक होऊन मी मामाचं दुकान सांभाळायला लागलो होतो, तेव्हा घरी वाटणीचं निघालं. बाबा थोरले, काका धाकटे. दोघांचा मळा एक, विहीर एक, आणि पाण्याच्या पाळीवरून दोघांत रोज खटके. एकदा मोटेच्या दोरावर दोघांचे हात पडले आणि आई मधे पडली नसती तर एकजण विहिरीतच गेला असता. तेव्हा ठरलं की वाटणी करायची, आणि ज्याच्या वाट्यात विहीर जाईल, पाणी त्याचं. दुसऱ्याने आपली विहीर खणावी. पाळी नको.

आमचा मळा त्रिकोणी. रुंद बाजू चांदूर बाजारच्या रस्त्याला लागून. एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याचं थुवराचं कुंपण. नाला आणि कुंपण मागे जिथे एकत्र येतात त्या टोकाला विहीर. टोकापासून रस्त्यापर्यंत उभा धुरा, म्हणजे बांध, घातला असता तर दोन वाटे सहज पडले असते, पण विहीर नेमकी धुऱ्यावर आली असती, आणि भांडण तर विहिरीचंच. म्हणून धुरा आडवा घालायचा, रस्त्याला समांतर. एकाला विहिरीकडचं टोक, दुसऱ्याला रस्त्याकडची पट्टी.

आमच्याकडची रीत अशी, की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. पाडणारा त्यामुळे लबाडी करत नाही. पण बाबांना जमिनीवर सरळ रेघसुद्धा मारता यायची नाही, आणि पटवाऱ्यावर काकांचा भरवसा नाही. ते म्हणाले, "ज्याले आपला लळा नाई न् लोभ नाई, असा माणूस आणा." मी मास्तरांचं नाव काढलं. पोरांच्या घरोघर जाऊन स्वतःची चूक सांगणारा मास्तर, ही गोष्ट मीच काकांना पूर्वी सांगितली होती. ते लगेच कबूल झाले.

आता माझ्या मनात काय होतं ते सांगतो, आणि त्याची मला शरम नाही. काकांचा जीव विहिरीत होता, हे सगळ्या गावाला माहीत. आणि धुरा लांबीच्या मधोमध पडणार, हेही सगळे धरून चालले होते, कारण मधोमध म्हणजे अर्धं, हे अडाण्यालाही कळतं. फक्त मला ठाऊक होतं की तिथे अर्धं नाही. टोकाकडचा त्रिकोण म्हणजे मळ्याचीच धाकटी सावली, बाजू निम्मी, म्हणून जागा पाव. काका विहिरीच्या मोहाने पाव मळा उचलणार, आणि आमच्याकडे चारातले तीन हिस्से आणि रस्ता राहणार. नाल्याकडे नवी विहीर खणता आली असती. बाजारात समोरचा स्वतःहून चुकत असेल तर आपण त्याचा हात धरत नाही. मी चूक करायला लावली नव्हती. मी फक्त गप राहणार होतो.

पण गप राहणं इतकं जड असतं हे ठाऊक नव्हतं. बाबांना सांगता येईना, त्यांच्या चेहऱ्यावर सगळं उमटायचं. आई विहिरीच्या काठावर जाऊन बसायची आणि म्हणायची, "विहीर गेली त म्या काय लावू, काय विकू?" तिलाही सांगता येईना. माझी भूक गेली. चुलीजवळ बसलो की भाकरीचे तुकडे करून बघायचो, अर्धा किती, पाव किती, आणि कुणी बघतं आहे का ते बघायचो. एकच शंका पोखरत होती. मास्तर.

त्यांना अकोल्याहून आणायला मीच गेलो. गाडीत मी विषय काढला. म्हटलं, सगळ्यांचं ठरलेलंच आहे, मधोमध धुरा. तुमी फक्त खुंटी ठोका.

"मधोमध म्हणजे कशाच्या?" मास्तरांनी विचारलं.

"लांबीच्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. बडनेऱ्याला गाडी बदलेपर्यंत ते बाहेरची झाडंच बघत होते.

मळ्यात गावचे चार पंच आलेले. काका उत्साहात. कुंपणाच्या बाजूने दोरी धरून त्यांनी स्वतःच मध्य काढून ठेवला होता, तिथे दगड मांडला होता. म्हणाले, "मास्तर, इथं ठोका खुंटी. अर्धं इकडं, अर्धं तिकडं. मंग म्या उचलतो." पंचांनी माना हलवल्या. बाबांनीही. खुंटी मास्तरांच्या हातात होती. एक घाव घालायचा होता फक्त.

मास्तर खाली बसले. खुंटी मांडीवर ठेवली. कपाळावर घाम आला होता, आणि ऊन तर कोवळंच होतं. मला वाटलं, बसतील थोडं, उठतील आणि ठोकतील. त्यांनी काकांच्या खांद्यावरचा दुपट्टा मागितला. तो चौकोनी घडी करून, मग तिरपा दुमडून त्रिकोण केला आणि जमिनीवर पसरला.

"हा तुमचा मळा. हे विहिरीचं टोक." असं म्हणून त्यांनी टोक उचललं आणि रुंद बाजूवर आणून टेकवलं. मध्यावर घडी पडली. "हे टोकाकडचं. एक. त्याच्या खाली झाकलं गेलं ते, तेवढंच. दोन. हा कोपरा तीन, तो कोपरा चार. चारही सारखे. काका, मधोमध खुंटी ठोकली तर टोकाकडे अर्धं येत नाही. पाव येतं."

काका दुपट्ट्याजवळ उकिडवे बसले. त्यांनी घडी उघडली, परत घातली. बोटाने चार मोजले. त्यांच्या मानेवरची शीर फुगलेली मला दिसत होती. मग ते सावकाश उठले आणि मास्तरांकडे नाही, बाबांकडे नाही, माझ्याकडे वळले.

"तू त शिकला ना हेच, बापू? तुले माईत होतं?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. पंच बघायला लागले. मी तोंड उघडलं. त्या वेळी 'हो' निघालं असतं तर दोन भावांचं तोंड पुन्हा एकमेकांकडे झालं नसतं, एवढं मला कळत होतं. मोटेचा दोर मला दिसत होता.

"त्याला नव्हतं माहीत," मास्तर म्हणाले. खुंटीकडे बघत म्हणाले. "तो भूमितीत कच्चा होता. पहिल्यापासून."

काकांची मान खाली आली. त्यांनी श्वास सोडला आणि मग हसायला लागले. पंचही हसले. बाबा सर्वांत जास्त, सुटल्यासारखे. आणि मी, ज्याच्यापुढे शाळेत कुणी गेलं नाही, तो तिथे चार पंचांत कच्चा ठरून उभा होतो. 'खोटं आहे' हे शब्द दातांपर्यंत आले होते. ते मी गिळले. अजून ते खाली गेलेले नाहीत.

नंतर मास्तरांनी धुरा घातला. खळ्यावर आधी लहान आकृती काढली. त्यात कुंपणाची बाजू कर्ण होईल असा चौरस आखला, त्या चौरसाच्या बाजूएवढं अंतर टोकापासून घेतलं, आणि मग तेच दोरीने मळ्याएवढं वाढवून खुंट्या मारल्या. दोनदा उलट्या बाजूने तपासलं. वाटे बरोबर अर्धे झाले, पण डोळ्यांना भलतंच दिसू लागलं. टोकाकडचा भाग लांबच लांब, आणि रस्त्याकडे अरुंद पट्टी.

आता काकांनी उचलायचं होतं. आई विहिरीशी पदर तोंडात धरून उभी. काका इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरले. मास्तरांना विचारलं, मोठा कोणता? मास्तर म्हणाले, दोन्ही सारखे. काका म्हणाले, दिसत त नाई. मास्तर म्हणाले, दिसत नाहीत, आहेत.

काका बराच वेळ विहिरीकडे बघत राहिले. त्यांचा जीव तिथेच होता, पण त्या सकाळी त्यांच्या डोळ्यांनी त्यांना एकदा दगा दिला होता. शेवटी म्हणाले, "मंघाशी डोया अर्धं म्हणत होता, निंगालं पाव. आता डोया टोक मोठं म्हणून राहिला. म्हंजे मोठं ते नाईच." आणि रस्त्याकडची पट्टी उचलली.

आई विहिरीच्या काठावर मटकन बसली.

मास्तरांना पोचवायला मी बडनेऱ्यापर्यंत गेलो. गाडीला वेळ होता. ते बाकावर बसले. त्यांच्या डोक्यावर एक पाटी एका खिळ्यावर तिरपी लोंबत होती, इतकी तिरपी की येणारेजाणारेही मान वाकडी करत होते. मास्तरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि हात मांडीवरच ठेवले. गाडी आली तरी ती तशीच होती.

पुढची गोष्ट म्हणजे त्या एका शब्दाची. काका मूळचे थट्टेखोर, आणि त्यांना आयता शब्द मिळाला. लग्नाच्या पंगतीत म्हणायचे, बापूले लाडू फोडू देऊ नका, भूमितीत कच्चा हाय. मी अडत घातली तेव्हा म्हणाले, मापाले दुसरा माणूस ठेव रे बाबा. बाजारातले लोक मला मागून 'कच्चा' म्हणायला लागले. माझा स्वभाव असा की भावात कुणी एक शब्द वाकडा बोलला तर मी तराजू फेकतो. पण इथे काही करता येईना. मी पहिला होतो असं म्हटलं, तर मला माहीत होतं असं म्हटल्यासारखं. शब्द अपमानाचा, आणि त्याच शब्दाआड माझं घर उभं. काका हसायचे तोवर मला भीती नव्हती, आणि काका हसायचे म्हणूनच झोप येत नसे.

शेवटी एकदा मी तडक अकोल्याला मास्तरांच्या दारात गेलो. ते निवृत्त झाले होते. मी बसलोही नाही. म्हटलं, "मास्तर, तो शब्द मागं घ्या. मी कच्चा नव्हतो. तुमाले माईत हाय."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तू पहिला होतास. चल, उद्याच्या पहिल्या गाडीने जाऊ. तुझ्या काकांसमोर सांगतो, हा पहिला होता आणि याला माहीत होतं. येऊ?"

मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले. समोरच्याने किंमत सांगितल्यावर मी गप उभा राहिलो असा तो एकच.

मास्तरांनी हातातली छत्री भिंतीला टेकवली, सरळ नाही, तशीच. म्हणाले, "जमीन बरोबर वाटायची होती आणि तुमचं घरही फुटू द्यायचं नव्हतं. एक रेघ वाकडी ओढावी लागली. तुला वाटतं, ती तुझ्याच अंगावर आहे." मग त्यांनी चहाला थांबायला सांगितलं. मी थांबलो नाही.

पुढे ते वारले. मी स्मशानात गेलो नाही. राग होता, आणि आहे.

मास्तरांच्या दारातून घरी परतलो होतो त्या संध्याकाळी काका धुऱ्यावर बसले होते. त्यांची स्वतःची विहीर तोवर झाली होती, पाणी बरं लागलं होतं. मला बघून म्हणाले, "अकोल्याले गेलता म्हणते? मास्तर भेटला? मंग काय, झाली का भूमिती पक्की?"

मी म्हणालो, "नाई काका. कच्चाच हाय अजून."

तोवर हा शब्द मी स्वतःच्या तोंडाने कधी उच्चारला नव्हता. मी काकांच्या हसण्याची वाट बघितली. ते हसले नाहीत. खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी मांडीवर घेतला, तिरपा दुमडला, टोक उचलून रुंद बाजूवर टेकवलं, आणि तसाच उलगडून पुन्हा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "राहू दे. मास्तर म्हणला ना, मंग तेच खरं."

आणि ते उठून आपल्या वाट्यात गेले.